नेम आणि नजर – १७ : अंधारातली माशी

ट्रिगरच्या ओढीबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. बेहालाहून एका वाचकाचं पत्र आलंय, आणि त्यातला प्रश्न माझ्या फारच आवडीचा आहे. गृहस्थ मूळचे सांगलीकडचे, फौजेतून निवृत्त होऊन कोलकात्यात स्थायिक झालेले. परवान्यावर ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. मध्यंतरी कालबैशाखीच्या वादळात डायमंड हार्बर रोडलगतच्या त्यांच्या गल्लीतली वीज गेली. त्यांनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, दोनदा तपासलं, भिंतीकडे धरून पाहिलं, तर नळीच्या टोकावरची माशीही दिसेना आणि नेमाची मागची खाचही. अमेरिकेतले जावई ट्रिटियमच्या साइट्स पाठवतो म्हणतायत. कुठल्या मागवू?

साहेब, कुठल्याच नाही. तुमचं रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्या घराण्यातलं, वरून मोडून उघडणारं. त्याची मागची खाच म्हणजे वेगळा भाग नव्हे, ती नळी अडकवणाऱ्या खिटीतच कापलेली असते. कानपूरचं २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ही याच कुळातलं. बदलायला सुटं काही नाही, मग बदलणार काय? शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत ‘शस्त्र’ म्हणजे त्याचे सुटे भागसुद्धा. वर ट्रिटियम किरणोत्सर्गी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचीही बाब. जावईबापूंना पार्सल करू नका म्हणावं.

पण पिस्तूलवाले वाचक आता कान टवकारून बसले असतील, आणि ट्रिटियम हा माझा जुना नाद आहे.

ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा जड भाऊ. अलिबागजवळच्या थळ कारखान्यात जड पाणी तयार होतं. असं पाणी अणुभट्टीत गेलं की त्यातलं ड्युटेरियम (हायड्रोजनचाच मधला भाऊ) न्यूट्रॉन गिळतं आणि थोडंथोडं ट्रिटियम जन्माला येतं. साइटमध्ये बसवतात ती काचेची बारीक नळी. तिला आतून झिंक सल्फाइडसारख्या पदार्थाचा लेप असतो आणि पोकळीत ट्रिटियम वायू. वायूतून सुटणारे इलेक्ट्रॉन लेपावर आदळतात, लेप उजळतो. हे इलेक्ट्रॉन इतके दुबळे, की हवेतही सहा-एक मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत. काच तर त्यांना ओलांडताच येत नाही. बॅटरी नको, आधी उजेड दाखवायला नको.

मेख अर्धायुष्यात आहे: १२.३२ वर्षं. साधारण पंचवीस वर्षांनी वायू चौथाई उरतो. म्हणून दहा-बारा वर्षांनी साइट्स बदलण्याचा विचार सुरू होतो. डब्यात ठेवलेला कापूर जसा न जाळताही उडतो, तसा हा वायू दुकानाच्या कपाटातही संपत असतो. त्यामुळे घेताना कंपनीच्या नावाआधी उत्पादनाचं वर्ष बघावं. सवलतीत मिळणारा सहा वर्षं पडून राहिलेला जोड म्हणजे सवलत नव्हे.

जुन्या रेडियमच्या घड्याळांत याच्या बरोबर उलट घडतं. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं, पण त्याचा मारा इतका तिखट की काही दशकांत लेपच निकामी होतो. तबकडी विझलेली दिसते, रेडियम मात्र जवळजवळ तेवढंच शिल्लक असतं. आजोबांच्या तसल्या घड्याळाची काच उघडून पाहू नका. न्यू जर्सीत अशा तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला ओठांनी टोक काढायच्या. त्यांचं काय झालं आणि १९२८ साली त्यांचा खटला कसा तडजोडीत मिटला, ते वाचून माझी एक रात्र खराब गेली होती.

आता डोळा. अंधारात डोळ्यातल्या शंकूपेशी मागे पडतात, दंडपेशी काम हाती घेतात आणि संवेदनेचं शिखर ५५५ नॅनोमीटरवरून ५०७ कडे, हिरव्या-निळ्याकडे सरकतं. हिरव्या नळ्या सर्वाधिक खपतात त्या यामुळे. पिवळी किंवा नारिंगी मागे चालेल. तिथे ती मंद दिसते आणि मंदच हवी. माझं ठाम मत असं, की माशी उजळ आणि खाच फिकी असावी. तीन सारखे तेजस्वी ठिपके जाहिरातीत छान दिसतात, पण घाईत मधला कोणता तेच कळत नाही. माशी उजव्या ठिपक्याच्याही उजवीकडे गेली तरी तीन ठिपके ओळीतच दिसतात, आणि नेम मात्र पार गेलेला असतो. चाळिशी उलटलेल्यांना आणखी एक अडचण: अंधारात बाहुली मोठी होते, फोकसची खोली घटते, आणि दिवसा जेमतेम दिसणारी माशी रात्री धुरकट होते. तेव्हा ठिपका मोठा घ्या आणि भोवती पांढरं किंवा नारिंगी कडं असलेला घ्या. शहरातली रात्र काही काळीकुट्ट नसते. बेहालाच्या रस्त्यावरचे दिवे, पूजेतली रोषणाई, अशा अर्धवट उजेडात ट्रिटियम जाणवतच नाही, कामाला येतं ते कडं.

कोलकात्याचं नाव निघालं आणि बंदुका विकणारी रॉडा कंपनी आठवली नाही असं होत नाही. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कस्टम हाउसमधून तिच्या मालाच्या २०२ पेट्या सुटल्या, बैलगाड्यांवर चढल्या आणि त्यातली एक गाडी क्रांतिकारकांनी परस्पर वळवली. दहा पेट्या, ५० माउझर पिस्तुलं, ४६,००० काडतुसं. गाड्यांसोबत कंपनीचाच कारकून होता, श्रीश मित्र ऊर्फ हाबू. या माउझरच्या मागच्या साइटवर सहसा १००० मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले असत. हजार मीटर, पिस्तुलाने! साइटवर कारखानदाराची हौस किती आणि वापरणाऱ्याची गरज किती, याचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही.

पिस्तूलवाल्यांसाठी एक हिशेब. नवी माशी जुन्याच उंचीची नसेल तर नेम हलतो. माशी आणि खाच यांत १५० मिलिमीटर अंतर असेल आणि माशी पाऊण मिलिमीटर उंच बसली, तर दहा मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर खाली लागते. म्हणून पुढची-मागची जोडीनेच आणि त्याच मॉडेलची घ्यावी. स्लाइडमधली डव्हटेल खाच प्रत्येक बनावटीची वेगळी; ‘घासून बसवू’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या. ठोकताना पंच पितळेचा हवा आणि तो ट्रिटियमच्या नळीच्या जागी कधीच टेकवू नये, काच आहे ती.

आणि बेहालाच्या साहेबांसाठी: रिव्हॉल्व्हर रिकामं करून माशीचा मागचा भाग स्पिरिटने पुसा. त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात, तो वाळल्यावर स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा चमकणारा रंग. यात किरणोत्सर्ग नाही. टॉर्च धरला की उजळतो, मग उतरत जातो, म्हणून रात्रभराची हमी नाही. खाचेला काहीही लावू नका. गाडीच्या नंबर प्लेटवाल्याकडचं ‘रेडियम’ही नको, ते उजेड आला त्याच दिशेला परतवतं, स्वतः चमकत नाही. पण या सगळ्याच्या आधी एक चांगला टॉर्च घ्या, डाव्या हातात मावेल असा. चमकणारी माशी तुमची नळी कुठे रोखली आहे तेवढंच सांगते, समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेला नातू, हे नाही.