चार अणू इकडचे तिकडे झाले की धातूचा स्वभाव का बदलतो?

गॅलियम हा धातू तळहातावर ठेवला की थोड्या वेळात वितळतो. त्याला जेमतेम ३० अंश सेल्सिअस तापमान पुरतं, म्हणजे कोकणातल्या मे महिन्यात तो कपाटातच वितळेल. पण याच धातूचे मोजून १३ अणू एकत्र घेतले तर?

पुणे विद्यापीठातल्या दिलीप कान्हेरे, कविता जोशी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये संगणकावर हेच पाहिलं. १७ अणूंचा समूह वितळला सुमारे ६५० केल्व्हिनला (३७७ अंश सेल्सिअस), आणि १३ अणूंचा थेट १४०० केल्व्हिनच्या आसपास! कारण, मोठ्या तुकड्यात काही इलेक्ट्रॉन सगळ्यांच्या मालकीचे असतात. छोट्या समूहात शेजारी-शेजारी अणू ते आपसात घट्ट वाटून घेतात. अशा इवल्याशा अणुसमूहांना 'क्लस्टर' म्हणतात.

आता त्यात हायड्रोजन मिसळू. २००७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ॲल्युमिनियमचे ४ आणि हायड्रोजनचे ६ अणू असलेल्या क्लस्टरबद्दल शोधनिबंध आला. त्याच्या स्थैर्याचं कोडं साध्या बेरजेने सुटतं. ॲल्युमिनियमचे प्रत्येकी ३ म्हणजे १२ इलेक्ट्रॉन, हायड्रोजनचे ६, एकूण १८. चार कोपऱ्यांवरच्या चार हायड्रोजनच्या बंधांत ८ खर्च झाले. उरलेल्या १० च्या पाच जोड्या होतात. बोरॉनच्या संयुगांवरून बांधलेला नियम सांगतो की पिंजरा टिकायला कोपऱ्यांपेक्षा एक जोडी जास्त हवी. चार अधिक एक, पाच. हिशेब चोख!

लेझरने इलेक्ट्रॉन उडवून मोजल्यावर दिसलं की भरलेली शेवटची पातळी आणि रिकामी पहिली पातळी यांत मोठं अंतर आहे. असा क्लस्टर सहजासहजी इलेक्ट्रॉन देत नाही, घेतही नाही.

याचा उपयोग? हायड्रोजन साठवणं. मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये वजनाच्या ७.६ टक्के हायड्रोजन मावतो, पण तो सोडवायला ३०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. गाडीसाठी हे फार झालं. इथे जास्त स्थैर्य हीच अडचण! २००५ मधल्या डच संशोधकांच्या गणितानुसार कण ०.९ नॅनोमीटरचा केला तर २०० अंश पुरतील. मात्र तापवताना हे कण एकमेकांना चिकटून पुन्हा मोठे होतात. म्हणून त्यांना कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांत कोंडून ठेवण्याचे प्रयोग होतात.