हायड्रोटेस्ट पास झाली, पण पाण्याचे काय?

औषधाचा कारखाना असो की डेअरी, स्टेनलेस स्टीलची नवी लाइन वेल्ड झाली की हायड्रोटेस्टला हाताशी असेल ते पाणी भरायचे, बऱ्याचदा बोअरचेच. ‘एसएसला कुठे गंज लागतो?’ असे वर ऐकवले जाते. या चाचणीतला सर्वांत महागात पडणारा गैरसमज माझ्या मते हाच.

स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. पाण्यातले क्लोराइड हा थर जागोजागी भेदतात. वेल्डपाशी तो आधीच दुबळा झालेला असतो. तिथे उष्णतेने जे निळे-पिवळे डाग उमटतात, त्यांच्याखालच्या धातूत क्रोमियम घटलेले असते. चाचणीनंतर पाणी लाइनमध्ये तसेच राहिले, तर गाळ तळाला बसतो, त्याखाली जिवाणू वाढतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वेल्डलगत बारीक छिद्रे पडू शकतात. चाचणीत थेंबभरही न गळलेली लाइन उत्पादन सुरू होण्याआधीच गळू लागते. ३०४एल असो वा ३१६एल, दोन्हींना हा धोका आहे.

म्हणून या स्टीलसाठी चाचणीच्या पाण्यात क्लोराइड ५० पीपीएमच्या आत ठेवण्याची पद्धत आहे. पण तेवढ्याने भागत नाही. पाणी कितीही चांगले असले तरी चाचणी संपताच ते पूर्ण काढून लाइन कोरड्या हवेने सुकवायला हवी. सखल जागी ड्रेन नसेल तर तिथे पाणी साचणारच, आणि ड्रेनची जागा ड्रॉइंग काढतानाच ठरवायची असते.

मग पाण्याची कटकटच नको, हवेने टेस्ट करू, असे कोणी म्हणाले तर त्याला थांबवा. १० बार दाबाची एक घनमीटर हवा सुमारे १३ लाख ज्यूल ऊर्जा साठवते. तेवढ्याच दाबाच्या तेवढ्याच पाण्यात ती जेमतेम २३० ज्यूल असते. जॉइंट सुटला तर पाण्याचा दाब क्षणात उतरतो. हवा मात्र ब्लाइंड फ्लँजसुद्धा दूर भिरकावून देते. एएसएमई बी३१.३ या संहितेत पाण्याची चाचणी साधारणपणे डिझाइन दाबाच्या दीडपट असते, हवेची किमान १.१ पट. हवेच्या चाचणीला सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो. दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा आणि फार तर १.७ बारवर थांबून जॉइंट एकदा तपासायचे. पाणी चालतच नाही अशाच लाइनसाठी ही वाट धरावी, आणि तेव्हा आसपास माणसे नकोत.

‘काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही’ हेही खरे नाही. वरच्या व्हेंटमधून हवा नीट निघाली नसेल, तर अडकलेली हवा फुगून लहान गळतीची भरपाई करते आणि काटा जागचा हलत नाही. उलट, पूर्ण भरलेल्या बंद लाइनवर ऊन पडले तर पाणी एका अंशाने तापले तरी दाब काही बारने चढतो, सावली आली की उतरतो. गळती कुठेच नसते. म्हणून संहिता किमान १० मिनिटे दाब धरून प्रत्येक जॉइंट डोळ्यांनी पाहायला सांगते. जॉइंटवर रंग किंवा इन्सुलेशन चढवायचे ते त्यानंतर. तापमानाची नोंद दाबाशेजारीच असावी.

राहिला ‘टेस्ट पास म्हणजे वेल्ड उत्तम’ हा समज. रूटपर्यंत न पोचलेला वेल्डही दीडपट दाब सहज सोसू शकतो. आर्गनचे पर्जिंग न करता टिग वेल्ड मारला की आतल्या बाजूला काळपट, खडबडीत ऑक्साइड तयार होतो. दाबाच्या चाचणीत तो दिसत नाही, पण दूध किंवा औषध तिथेच चिकटते आणि गंजही तिथूनच सुरू होतो. रूट अपुरा आहे का हे रेडिओग्राफीत कळते. आतला पृष्ठभाग मात्र बोरस्कोप घालूनच पाहावा लागतो, आणि या तपासण्या ठेकेदाराच्या करारात वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात.