निष्ठा कोणाशी? हैदराबाद संस्थानातील गद्दारीचे आरोप (१९४७-४८)

प्रस्तावना

युद्धाच्या किंवा सत्तांतराच्या काळात माणसाला विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘तू काय केलेस?’ हा नसतो. ‘तू कोणाचा?’ हा असतो. हैदराबाद संस्थानात १९४७ ते १९४८ या अवघ्या तेरा-चौदा महिन्यांत हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला विचारला गेला. उत्तर कोणतेही दिले तरी कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीने तो गद्दार ठरत होता. १७ सप्टेंबरचा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो आणि त्या निमित्ताने महाविद्यालयांतून व्याख्यानेही होतात. मात्र निष्ठा आणि द्रोह या दोन शब्दांचा त्या काळातील नेमका अर्थ काय होता, याचे विवेचन वर्गात क्वचितच होते. सदर लेखात काही व्यक्ती व घटनांच्या आधारे हा विषय मांडला आहे.

द्रोहाची व्याख्या : अमेरिकेचा अनुभव

हा प्रश्न केवळ हैदराबादपुरता नाही. अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ साली इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा कालपर्यंतचे राजनिष्ठ नागरिक एका रात्रीत देशद्रोही ठरले. उलट बाजूने, राजाच्या कायद्यानुसार बंडात सामील झालेला प्रत्येकजण द्रोहीच होता. वसाहतींनी निष्ठेच्या शपथा सक्तीच्या केल्या. शपथ नाकारणाऱ्यांची मालमत्ता जप्त झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे साठ हजार राजनिष्ठांनी देश सोडला आणि त्यांतील अनेकजण कॅनडात स्थायिक झाले. बेनेडिक्ट अर्नोल्ड या सेनानीने १७८० साली वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांच्या हाती देण्याचा कट केला. त्याचे प्रकरण उघड होते, पण बहुसंख्य आरोप असे स्पष्ट नव्हते. शेजाऱ्याचा संशय, जुने वैर किंवा नुसते मौन एवढ्यावरही माणूस द्रोही ठरत असे.

या अनुभवातून शहाणपण घेऊन १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या जाणीवपूर्वक अरुंद ठेवण्यात आली. देशाविरुद्ध युद्ध पुकारणे किंवा शत्रूला सामील होऊन त्याला साहाय्य करणे एवढाच द्रोह मानण्यात आला. शिक्षेसाठी आरोपीची भर न्यायालयात दिलेली कबुली किंवा एकाच उघड कृतीचे दोन साक्षीदार आवश्यक ठरले. १८०७ साली माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर यांच्यावरील खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ही कसोटी काटेकोरपणे लावली आणि बर निर्दोष सुटले. तात्पर्य, मनातील निष्ठेचा न्याय करता येत नाही, न्याय करायचा तो कृतीचा.

हैदराबादची परिस्थिती

हैदराबाद हे देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचे संस्थान होते. १९४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती आणि त्यात मुसलमानांचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. तेलंगणातील आठ, मराठवाड्यातील पाच आणि कर्नाटकातील तीन असे सोळा जिल्हे त्यात होते. ब्रिटिश सत्ता जाणार हे निश्चित होताच जून १९४७ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपण स्वतंत्र राहणार असल्याचे फर्मान काढले. पुढे २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारबरोबर एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला.

यामुळे विचित्र कायदेशीर पेच उभा राहिला. संस्थानाच्या दृष्टीने निजामांशी निष्ठा हे प्रजेचे कर्तव्य होते. त्यामुळे भारतात विलीन होण्याची मागणी करणारा राजद्रोही ठरत होता. स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंग्यासाठी अटक झाली ती याच न्यायाने. भारताच्या दृष्टीने मात्र विलीनीकरणाला विरोध हाच राष्ट्राचा द्रोह होता. एकच माणूस, एकच कृती आणि दोन परस्परविरोधी निकाल अशी ही अवस्था होती.

आपल्याच माणसांवरील आरोप

गद्दारीचा आरोप प्रामुख्याने परक्यांवर होतो, असा एक समज आहे. हैदराबादचा अनुभव वेगळा आहे. तेथे हा शब्द सर्वांत धारदारपणे वापरला गेला तो आपल्याच समाजातील मतभेद असणाऱ्यांवर.

मजलिसे इत्तेहादुल मुस्लिमीनचे नेते बहादूर यार जंग १९४४ साली वारले. १९४६ च्या अखेरीस संघटनेची सूत्रे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे आली आणि ‘रझाकार’ म्हणजे स्वयंसेवक हे दल निमलष्करी स्वरूपाचे झाले. भारताशी समझोता करावा असे म्हणणाऱ्या प्रत्येक मुसलमान अधिकाऱ्याकडे तेव्हापासून संशयाने पाहिले जाऊ लागले. पंतप्रधान सर मिर्झा इस्माईल यांना मे १९४७ मध्ये पद सोडावे लागले. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान छतारीचे नवाब यांचे शिष्टमंडळ दिल्लीस निघाले असता २७ ऑक्टोबर १९४७ रोजी जमावाने सदस्यांच्या घरांना वेढा घातला. परिणामी वाटाघाटीच बदलल्या आणि छतारींनी राजीनामा दिला. घटनात्मक बाबींचे मंत्री अली यावर जंग हेही त्याच वर्षी बाहेर पडले. हेच अली यावर जंग पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९७१ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. निजामांच्या बाजूला केवळ मुसलमान होते असे नाही. मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळात पिंगळ वेंकटराम रेड्डी उपपंतप्रधान होते आणि दलित नेते बी. एस. वेंकटराव मंत्री होते. औरंगाबादेत जन्मलेले दलित नेते श्यामसुंदर हे संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळात होते. याच मंत्रिमंडळातील जे. व्ही. जोशी यांनी परभणी व नांदेड जिल्ह्यांतील रझाकारांच्या अत्याचारांकडे बोट दाखवून राजीनामा दिला. म्हणजेच निष्ठेची रेषा धर्माच्या रेषेवरून सरळ जात नव्हती. हितसंबंध, भीती, विवेक आणि भवितव्याची चिंता या सर्वांतून ती वाकडीतिकडी गेली होती.

सात जणांचे निवेदन आणि शोएबुल्ला खान

ऑगस्ट १९४८ मध्ये, पोलीस ॲक्शनच्या महिनाभर आधी, सात प्रतिष्ठित मुसलमानांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. नवाब मंजूर जंग, बाकर अली मिर्झा, मुल्ला अब्दुल बासित, फरीद मिर्झा हे त्यांपैकी होते. रझाकारांना आवरावे आणि संस्थानाने भारतात विलीन व्हावे, यातच मुसलमानांचेही हित आहे, असा निवेदनाचा आशय होता. फरीद मिर्झा यांनी रझाकारांच्या जुलमाच्या निषेधार्थ नांदेड जिल्ह्यातील आपल्या सरकारी पदाचा राजीनामा दिला होता. या सात जणांवर गद्दारीचा शिक्का बसला. वास्तविक त्यांनी ना शस्त्र उचलले होते, ना गुप्त बातमी दिली होती. त्यांनी मत मांडले होते, तेही स्वतःच्या सहीनिशी.

या निवेदनाला ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाने उघड पाठिंबा दिला. त्याचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये हे पत्र सुरू केले होते. रझाकारांविरुद्ध ते सातत्याने लिहीत होते आणि त्यांना धमक्याही येत होत्या. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कार्यालयातून घरी परतत असताना काचीगुडा भागात त्यांच्यावर हल्ला झाला. त्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि हात तोडण्यात आला. त्या जखमांनी त्यांचा मृत्यू झाला. सोबत असलेले त्यांचे मेहुणे जखमी झाले. शोएबुल्ला खान तेव्हा अवघे २७ वर्षांचे होते.

लेखणी धरणारा हात तोडणे याचा अर्थ उघड आहे. मारेकऱ्यांच्या लेखी लिहिणे हाच द्रोह होता. आरोप, निकाल आणि शिक्षा हे सर्व त्या एकाच रात्री, कोणत्याही न्यायालयाविना उरकण्यात आले.

सप्टेंबर १९४८ नंतर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामांनी युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी जनरल एल एद्रूस यांनी जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. आता आरोपांची दिशा उलटली. एकीकडे, पराभव पचवू न शकणाऱ्यांनी एल एद्रूस यांनाच गद्दार ठरवले. दुसरीकडे, मुसलमान असणे हेच अनेक ठिकाणी रझाकार असल्याचा पुरावा मानले गेले.

या काळातील हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे पथक १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरले. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे पथकाने नोंदवले आणि मृतांची संख्या किमान २७ ते ४० हजार असल्याचा अंदाज दिला. हा अहवाल अनेक दशके सर्वसामान्यांना उपलब्ध नव्हता. २०१३ नंतरच अभ्यासकांना तो सहजपणे पाहता येऊ लागला. फरीद मिर्झा यांनीही पोलीस ॲक्शनच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही दिवसांची साक्ष लिहून ठेवली. दोन्ही वेळी अन्यायाला अन्याय म्हणणारी ही लेखणी अभ्यासकांना मोलाची वाटते ती त्यामुळेच.

पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या अरब व पठाणांपैकी अनेकांना परदेशी ठरवून स्थानबद्ध करण्यात आले आणि काहींना देशाबाहेर पाठवण्यात आले. ज्यांच्या निष्ठेवरून हा सारा संघर्ष झाला ते निजाम मात्र २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. राजाची निष्ठा करारनाम्याने बदलता आली, प्रजेला ती सवलत मिळाली नाही.

न्यायालयाची कसोटी

कासिम रझवी यांच्यावर खटले झाले. बीबीनगर या गावावर जानेवारी १९४८ मध्ये झालेल्या हल्ल्याच्या खटल्यात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९५३ साली सर्वोच्च न्यायालयात त्याचा विचार झाला. १९५७ मध्ये सुटका झाल्यावर ते पाकिस्तानात गेले. विशेष म्हणजे हा खटला देशद्रोहाचा नव्हता. तो दंगल, दरोडा व इजा करण्याचा होता. ‘तुझी निष्ठा कोणाशी?’ असे न्यायालयाने विचारले नाही. अमुक दिवशी, अमुक गावात तू काय केलेस, हे विचारले. राजकीय आरोप आणि कायदेशीर गुन्हा यांतील फरक विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

भारतीय राज्यघटनेत अमेरिकेप्रमाणे देशद्रोहाची व्याख्या नाही. सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम १२१ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १४७ मध्ये आहे. दोन्हीकडे भर कृतीवर आहे. बाजारात, सभेत किंवा वर्गाच्या मागच्या बाकावर उच्चारला जाणारा ‘गद्दार’ हा शब्द मात्र कोणत्याही कलमाला बांधलेला नसतो.

अध्यापनासाठी काही सूचना

हा विषय शिकवताना तीन गोष्टी उपयोगी पडतील. पहिली, प्रत्येक आरोपासंबंधी विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत : आरोप कोणी केला, कोणत्या सत्तेच्या नावाने केला, कोणत्या कृतीसाठी केला आणि पुरावा कोणता होता? दुसरी, रझाकारांचे अत्याचार आणि सप्टेंबरनंतरचा हिंसाचार ही दोन्ही प्रकरणे एकाच तासात शिकवावीत. एकाने दुसऱ्याचे समर्थन होत नाही आणि एक लपवून दुसरे समजत नाही. तिसरी, शोएबुल्ला खान किंवा फरीद मिर्झा यांच्याकडे ‘चांगल्या मुसलमानाचा’ नमुना म्हणून बोट दाखवू नये. तसे करणे म्हणजे उरलेल्यांना संशयित मानणेच होय. विवेकाने निर्णय घेणारी माणसे म्हणून त्यांचा अभ्यास व्हावा.

समारोप

‘रझाकार’ हा मूळचा स्वयंसेवक या अर्थाचा शब्द आज शिवी म्हणून वापरला जातो. ज्यांचा जन्मही १९४८ नंतर कैक वर्षांनी झाला, अशा मुलांनाही तो ऐकावा लागतो. आजोबांची निष्ठा नातवाला सिद्ध करावी लागणे हा इतिहास नव्हे, तो इतिहासाचा दुरुपयोग आहे. निष्ठा वारशाने मिळत नाही आणि द्रोहही वारशाने येत नाही. दोन्ही माणसाच्या स्वतःच्या कृतीतून ठरतात. हैदराबादच्या त्या तेरा-चौदा महिन्यांतून एवढे जरी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले, तरी इतिहासाच्या तासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.