इराणांतील यझ्द परगणा : भूमि, लोक व शेती

मुंबईपुण्याच्या नाक्यावरील इराण्याचें दुकान आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलेंच असेल. अशीं दुकानें आतां थोडीं उरलीं आहेत. तथापि संगमरवरी मेज, काळ्या लाकडाच्या खुर्च्या, बनमस्का आणि वाफाळलेला चहा यांची ओळख आपणांस अजून आहे. परंतु गल्ल्यावर बसलेल्या त्या वृद्ध गृहस्थाचा आजा कोणत्या गांवाहून आला व कां आला, हें विचारणारे थोडेच. वर्गांत इराणचा नकाशा शिकवितांना मीं एकदां हा प्रश्न घातला. कोणी तेहरान म्हणालें, कोणी शिराझ. पुष्कळ घरांच्या बाबतींत खरें उत्तर ‘यझ्द’ असें आहे. यास्तव एकोणिसाव्या शतकांत हा परगणा कसा होता, तेथील माणूस काय पिकवी व कसा राहत असे, याची थोडी माहिती येथें देतों.

इराण हें एक उंच पठार असून त्याच्या पोटांत दोन मोठीं वाळवंटें आहेत. उत्तरेस दश्त-ए-कवीर हें मिठाचें व चिखलाचें. आग्नेयेस दश्त-ए-लूत हें वाळूचें व दगडांचें. या दोहोंच्या कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारें १२०० मीटर उंचीवर यझ्द शहर वसलें आहे. वर्षाकाठीं तेथें पाऊस पडतो तो अवघा ६० मिलिमीटरांच्या आसपास. मुंबईस आषाढांत एकाच दिवसांत याहून अधिक पाऊस पडल्याचें आपण कितीदां तरी पाहतों. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि हिवाळ्याच्या रात्रीं पाणी गोठतें. बारमाही नदी तेथें एकही नाहीं. मग अशा ठिकाणीं शहर वसलें कसें आणि शेकडों वर्षें टिकलें कसें?

याचें उत्तर शहराच्या नैर्ऋत्येस उभ्या असलेल्या शीरकूह पर्वतांत आहे. त्याचें शिखर ४००० मीटरांहून उंच असल्यामुळें हिवाळ्यांत तेथें बर्फ पडतें. वसंत ऋतूंत तें वितळतें आणि तें पाणी पायथ्याच्या खडीगोट्यांत जिरून जमिनीच्या पोटांत साठतें. तें उघड्या पाटानें आणावें तर उन्हानें वाटेंतच आटून जाईल. म्हणून इराणी लोकांनीं प्राचीन काळीं एक युक्ति शोधून काढली. तीस ‘कनात’ असें म्हणतात.

प्रथम डोंगराच्या पायथ्याशीं एक खोल विहीर खणून पाण्याचा ठाव घ्यावयाचा. हिला ‘मादर-चाह’ म्हणजे आईविहीर म्हणत. मग जेथें पाणी बाहेर काढावयाचें त्या सखल गांवापासून आरंभ करून तिच्या दिशेनें जमिनीखालून बोगदा खणीत जावयाचें. बोगद्याचा उतार अगदीं बेताचा ठेवावा लागे. फार झाला तर पाणी भिंती व तळ खरवडून काढी, कमी पडला तर तें तुंबून राही. माती वर काढण्यासाठीं व हवा खेळण्यासाठीं ठराविक अंतरावर उभ्या विहिरी पाडीत. वरून पाहिलें तर वाळवंटांत मातीच्या कड्यांची एक लांबच लांब रांग दिसे. तिच्याखालून पाणी आपोआप गांवाकडे वाहत येई. त्यास मोट नको, बैल नको. यझ्दजवळील झार्चची कनात तर ७० किलोमीटरांहूनही अधिक लांब आहे.

हें काम करणाऱ्या कारागिरांस ‘मुकन्नी’ म्हणत. यझ्दचे मुकन्नी साऱ्या इराणांत नांवाजलेले असत. एक खालीं बसून खणी, तर दुसरे वर रहाटानें माती ओढीत. तेलाचा दिवा समोर ठेवीत. तो मंदावला म्हणजे हवा बिघडली असें समजून माघार घेत. जमीन भुसभुशीत लागली तर भाजलेल्या मातीचीं कडीं बसवून बोगदा सांवरीत. कधीं छत कोसळे, कधीं अकस्मात् पाण्याचा लोंढा येई. मुकन्नी पांढरे कपडे घालून खालीं उतरत. अंधारांत ते चटकन् दिसत हें एक कारण, आणि मरण आलेंच तर तेंच कफन व्हावें हें दुसरें, असें सांगतात. डाळिंबाच्या एकेका दाण्यामागें कोणाचा जीव पणास लागला होता हें यावरून ध्यानांत यावें.

पाणी गांवांत आलें म्हणजे त्याची वांटणी सुरू होई. यझ्दकडे जमिनीस तितकें मोल नव्हतें. मोल होतें पाण्यास. जमीन एकाची व पाणी दुसऱ्याचें असेंही असे. पाण्याचा वांटा विकत घेतां येई, खंडानें देतां येई, वारसानें मुलांस मिळे, धर्मकार्यास लावून देतां येई. हा वांटा काळावर मोजीत. मोठ्या भांड्यांतील पाण्यावर तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवीत; ती भरून बुडाली कीं एक माप झालें. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र लावीत, तेंच हें साधन. फरक इतकाच कीं तेथें त्यावर कुटुंबाचें वर्षाचें अन्न अवलंबून असे. पाळी आली म्हणजे मध्यरात्रीं, कडाक्याच्या थंडींतही शेतकऱ्यास फावडें घेऊन बांधावर हजर राहावें लागे.

इतक्या कष्टानें मिळालेलें पाणी वायां कोण घालवील? शेतें लहान, सपाट व चोहोंकडून बांध घातलेलीं असत. पुष्कळ ठिकाणीं नांगराऐवजीं लांब दांड्याच्या फावड्यानेंच जमीन खणीत. बागांभोंवतीं मातीच्या उंच भिंती असत, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारी वाळू आंत शिरत नसे. खतासाठीं घरचा केरकचरा, राख व सोनखत वापरीत. मैबुद गांवीं तर खास पारव्यांसाठीं मातीचा मनोरा बांधलेला असून त्यांतील विष्ठा खत म्हणून काढीत. गहूं, जव, कापूस, कलिंगडें व खरबुजें हीं शेतांत. डाळिंब, अंजीर, बदाम, जरदाळू, द्राक्षें व तुती हीं बागांत. तफ्तचीं डाळिंबें प्रसिद्ध होतीं. अर्दकानकडे मंजिष्ठा होई. तिच्या मुळांपासून लाल रंग काढीत. तथापि धान्य परगण्यास पुरत नसे. तें बाहेरून उंटांच्या व खेंचरांच्या पाठीवर आणावें लागे.

तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे पोसून यझ्दचे विणकर कापड विणीत. तेराव्या शतकांत तेथून गेलेल्या मार्को पोलोनेंही या रेशमी कापडाची प्रशंसा केली आहे. एकोणिसाव्या शतकांत मात्र युरोपांतील गिरण्यांचें स्वस्त कापड बाजारांत आलें आणि मागवाल्यांचा धंदा खालावला. याच सुमारास अफूस चीनकडून मागणी वाढली. खसखशीचें पीक रोख पैसा देई व हिवाळ्यांतील थोड्या पाण्यावर येई. म्हणून १८५० नंतर यझ्द व इस्फहानकडे कित्येक शेतांतून गहूं जाऊन अफू आली. पुढें १८७० ते १८७२ या वर्षांत साऱ्या इराणावर भयंकर दुष्काळ कोसळला. पाऊस व बर्फ न पडणें हें त्याचें मुख्य कारण. परंतु धान्याच्या जागीं अफू व कापूस लावल्यानें आणि धान्य दडवून ठेवणाऱ्यांच्या लोभानें संकट अधिक वाढलें, असें इतिहासकार सांगतात. पैसा हातीं असतांही भाकरी मिळेना, असें तेव्हां घडलें. शेतानें आधीं घरास खावूं घालावें, मग बाजारास, हा धडा आपल्या शेतकऱ्यांसही नवा नाहीं.

आतां लोकांविषयीं. परगण्यांत बहुसंख्य वस्ती शिया मुसलमानांची, थोडे यहुदी, आणि शहराच्या एका भागांत व भोंवतालच्या खेड्यांत जरथुष्ट्री. आपल्याकडील पारशांचे पूर्वज अनेक शतकांपूर्वीं गुजराथेंत आले. जे मायदेशीं राहिले त्यांचे हे वंशज. ते शेतकी व बागाइतींत निपुण असत, परंतु त्यांची स्थिति कष्टाची होती. त्यांस जिझिया कर द्यावा लागे. १८८८ सालीं यझ्दला आलेले इंग्रज पंडित एडवर्ड ब्राउन आणि पुढें तेथें राहिलेले मिशनरी नेपियर मालकम या दोघांनींही त्यांच्यावरील बंधनें नमूद केलीं आहेत. रंगीत कपडे घालूं नयेत, शहरांत घोड्यावर बसूं नये, छत्री धरूं नये, चष्मा लावूं नये. घराची भिंत हात वर केल्यास टेंकेल इतकीच उंच असावी. हें वाचून आपण इराणास नांवें ठेवूं लागलों तर १९२७ सालीं महाडास चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी पिण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस व त्यांच्या अनुयायांस काय सोसावें लागलें, तें आधीं आठवावें. माणसानें माणसास खालीं लेखण्याचा रोग एका देशाचा किंवा एका धर्माचा नाहीं.

या दुःखाची वार्ता मुंबईच्या पारशांस कळली तेव्हां त्यांनीं एक मंडळी स्थापून १८५४ सालीं माणेकजी लिमजी हातरिया या गृहस्थांस इराणांत पाठविलें. यझ्द शहर व खेडीं मिळून जरथुष्ट्री उरले होते ते अवघे साडेसहा हजारांच्या आसपास. माणेकजींनीं शाळा काढल्या, पडकीं धर्मस्थानें दुरुस्त केलीं आणि शहाच्या दरबारीं जिझियाविरुद्ध सतत अर्ज केले. एक वर्ष नव्हे, दोन नव्हे, अठ्ठावीस वर्षें! अखेर १८८२ सालीं नासिरुद्दीन शहानें तो कर रद्द केल्याचें फर्मान काढलें. माणेकजी १८९० सालीं तेहरानांत वारले. मोठें कार्य एका दिवसांत होत नसतें, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

तरीही दारिद्र्य व असुरक्षितता यांमुळें यझ्दच्या खेड्यांतून तरुण माणसें बंदर अब्बासच्या वाटेनें मुंबईस येतच राहिलीं. येथें कोणी चाकरी केली, कोणी चहाचीं दुकानें व भट्ट्या घातल्या. कित्येक कुटुंबें ठाणें जिल्ह्यांत (आतां पालघर) डहाणू-घोलवडकडे गेलीं व तेथें त्यांनीं चिकूच्या वाड्या केल्या. पाण्याची किंमत जाणणाऱ्या माळ्यांच्या मुलांस ती भूमि स्वर्गाहून काय कमी वाटली असेल?

विसाव्या शतकांत विजेचे व तेलाचे पंप आले, खोल नळविहिरी झाल्या आणि भूगर्भांतील पाणी खालीं जाऊन इराणांतील पुष्कळ कनाती कोरड्या पडल्या. २०१६ सालीं युनेस्कोनें इराणांतील अकरा कनातींस जागतिक वारशाचा मान दिला. २०१७ सालीं यझ्दच्या जुन्या शहरासही तो मिळाला. आपल्या महाराष्ट्रांतही छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथें सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें याच तऱ्हेचा भूमिगत नहर बांधविला होता. सहलीस जाल तेव्हां तो अवश्य पाहा.

आणि पालकांस एक विनंती. घरीं नळ उघडा टाकणाऱ्या मुलास रागें भरण्याऐवजीं त्या बुडणाऱ्या तांब्याच्या वाटीची व बांधावर कुडकुडत उभ्या असलेल्या यझ्दच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगून पाहावी. वर्गांत ती सांगितल्यावर दुसऱ्या दिवशीं शाळेच्या नळाची तोटी बंद असलेली मीं स्वतः पाहिली आहे.