दुर्गम मतदान केंद्रे आणि हवाई दलाचे साहाय्य

मतदाराला मतदानासाठी सर्वसाधारणपणे दोन किलोमीटरपेक्षा अधिक अंतर जावे लागू नये, असा भारत निवडणूक आयोगाचा दंडक आहे. छत्तीसगडमधील भिलाईसारख्या पोलादनगरीत तो सहज पाळता येतो. मात्र त्याच राज्याच्या दक्षिणेकडील बिजापूर, सुकमा, नारायणपूर या जिल्ह्यांत घनदाट अरण्य, नद्या-नाले आणि नक्षलवादी हिंसाचार यांमुळे मतदान पथक केंद्रापर्यंत पोहोचविणे हेच प्रशासनापुढील मोठे आव्हान ठरत आले आहे.

निवडणुकीसाठी आयोगाकडे स्वतःचा मोठा कर्मचारीवर्ग नसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४(६) अन्वये राष्ट्रपती किंवा राज्यपाल आयोगाच्या विनंतीवरून कर्मचारी उपलब्ध करून देतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५९ नुसार स्थानिक संस्था, विद्यापीठे आणि सरकारी कंपन्या यांनाही हे दायित्व लागू होते. त्यामुळे शिक्षक व महसूल कर्मचाऱ्यांप्रमाणेच भिलाई पोलाद कारखान्यासारख्या सार्वजनिक उपक्रमातील कर्मचाऱ्यांनाही या कामासाठी पाचारण करता येते.

या कर्मचाऱ्यांपुढील धोका काल्पनिक नाही. १२ एप्रिल २०१४ रोजी बिजापूर जिल्ह्यात मतदान आटोपून परतणाऱ्या पथकाची बस भूसुरुंगाच्या स्फोटात सापडली आणि सात जणांना प्राण गमवावे लागले. रस्त्याखाली पेरलेले सुरुंग टाळण्यासाठीच अतिदुर्गम केंद्रांकरिता हेलिकॉप्टरचा अवलंब केला जातो. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यातही मतदान पथके व मतदान यंत्रे याच पद्धतीने हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरमधून नेण्यात आली आहेत.

परंतु हवाई मार्गही पूर्णतः निर्धोक नसतो. १४ नोव्हेंबर २००८ रोजी छत्तीसगड विधानसभेच्या मतदानानंतर बिजापूर जिल्ह्यातील पिडिया येथे मतदान पथकाला परत आणण्यासाठी गेलेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला. त्यात सार्जंट मुस्तफा अली यांना वीरमरण आले. शिवाय हेलिकॉप्टरची फेरी हवामान, दिवसाचा प्रकाश आणि उतरण्याच्या जागेची सुरक्षितता यांवर अवलंबून असते. म्हणूनच पथके मतदानाच्या आधीच रवाना करावी लागतात. हेलिपॅडपासून केंद्रापर्यंतचे अंतर सुरक्षा दलांच्या संरक्षणात अनेकदा पायीच कापावे लागते.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. हवाई दल संरक्षण मंत्रालयाच्या अधीन आहे. सीमा सुरक्षा दल व केंद्रीय राखीव पोलीस दल ही केंद्रीय सशस्त्र पोलीस दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. नक्षलविरोधी मोहिमेसाठी सीमा सुरक्षा दलाने राज्यातील आपले मुख्यालय भिलाईत उभारले, तरी ते लष्कर नव्हे. राज्यांतील नागरी प्रशासनाच्या साहाय्यार्थ संघराज्याची सशस्त्र दले तैनात करण्याचा विषय १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने संघसूचीत नोंद २-क म्हणून समाविष्ट झाला. पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय मात्र राज्यसूचीतच राहिले.

तात्पर्य, हेलिकॉप्टर हा संकटकाळचा आधार आहे, कायमचा पर्याय नव्हे. तो मतदानापुरता येतो आणि जातो. गावातील शिक्षक, आरोग्यसेविका व तलाठी यांना मात्र वर्षभर त्याच वाटेने ये-जा करावी लागते. पक्के रस्ते, पूल आणि दूरसंचार यांचे जाळे विणले गेले, तरच शासनाची सेवा व नागरिकाचा हक्क या दोहोंना दुर्गम भागात स्थैर्य लाभेल.