मेच्या सुट्टीत आइसलँड

डोंबिवलीला बहिणीकडे आइसलँडचा बेत शिजत होता, तेव्हा पहिला वाद झाला तो तारखांवरून. मुलांना नॉर्दर्न लाइट्स बघायचे होते आणि शाळेची मोठी सुट्टी मे महिन्यात. आकाशातला हा प्रकाश दिसतो साधारण सप्टेंबर ते एप्रिल, काळोख्या रात्री. मेअखेरीस तिथे सूर्यच रात्री अकरा वाजून गेल्यावर मावळतो, पुरता अंधार पडतच नाही. दिवाळीत जावं तर दिवस आखूड आणि हवामानाचा भरवसा नाही. शेवटी मे ठरला. मला तेच पटलं. मुलं बरोबर असताना उजेड हाताशी असलेला बरा, आणि मेमध्ये पफिन पक्षीही दिसतात.

मग नकाशा पसरला. देशाला वळसा घालणारा हायवे सुमारे 1,300 किलोमीटरचा. मेव्हण्यांना तो पुरा करायचा होता. बहिणीने सरळ विचारलं, ‘नाशिकला जाताना धाकटा कसाऱ्यापर्यंत तरी गप्प बसतो का?’ वळसा रद्द झाला. त्याऐवजी वीकपर्यंतच जायचं ठरलं; राजधानी रेक्याविकपासून हे गाव 185 किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या पट्ट्यात सेल्यालान्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन धबधबे येतात. हायवेवरून आत वळलं की दर पाच-दहा मिनिटांनी उसळणारा स्त्रोक्कुर हा गरम पाण्याचा झरा. मुलांना एवढं भरपूर आहे.

एका संध्याकाळी दोघांना दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली, पेन्सिलीने खूण केली. 135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिथे गाडीत चाइल्ड सीट सक्तीची असते. थोरली ताठ उभी राहिली, तरी खूण खालीच आली. भाड्याच्या गाडीसोबत दोन्ही सीट लगेच सांगून ठेवल्या.

वीकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्याची मला खरी धास्ती आहे. काळी वाळू सुंदर, पण लाट अचानक आत येऊन माणसं ओढून नेते. तिथे जीव गेलेले आहेत. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, मुलांचा हात सोडायचा नाही.

आइसलँडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुलांसाठी जन्मदाखला आणि आईवडील दोघांची संमती लागते. जन्माची नोंद बऱ्याचदा बारशाआधीच झालेली असते, म्हणून पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहतो. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण त्यात वेळ जातो. तेव्हा पुढच्या मेमध्ये जायचं असेल, तर दिवाळी झाली की आधी मुलांचे दाखले काढून बघा.