बारा व्होल्टची ओळ

गेम खेळण्यासाठी घरीच संगणक जुळवणारी मुलं आता गल्लोगल्ली दिसतात. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं, यावर ती रात्ररात्र बोलतात. यादीच्या तळाशी मात्र एक ओळ घाईघाईनं लिहिलेली असते, ‘एसएमपीएस – कोणताही चालेल.’ मी आज त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलणार आहे. कविता लिहिणाऱ्या माणसानं वॅट-अँपिअरच्या भानगडीत का पडावं, असं कुणी विचारील. कारण घरातलंच आहे. माझ्या भाच्यानं संगणकासाठी दोन वर्षं पैसे साठवले. त्याच्यासोबत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो, तर पहिलाच दुकानदार म्हणाला, “चाचा, हे कॅबिनेट घ्या. साडेचारशे वॅटचा एसएमपीएस त्यात फुकट आहे.” फुकट या शब्दावर माझा जुना अविश्वास आहे. मी तो डबा उलटा करून लेबल वाचायला घेतलं.

आधी हा डबा करतो काय, ते पाहू. भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाणारी. संगणकाच्या पोटातल्या चिपांना ती सोसत नाही. त्यांना हवी एकाच दिशेनं वाहणारी, १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. हे रूपांतर एसएमपीएस करतो. पूर्वी ५ आणि ३.३ व्होल्टवर बराच भार असायचा. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन खादाड पाहुणे जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या तारांतून ओढतात. म्हणून लेबलावर बघायचे ते १२ व्होल्टसमोरचे अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, एवढं शाळेतलं गणित पुरतं.

त्या फुकटच्या डब्यावर ४५० हा आकडा ठसठशीत होता. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. गुणाकार केला, १९२ वॅट झाले. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यात जमा दाखवलेले, आणि तिथून खर्च करणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही! चांगल्या बनावटीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच जागी ४५ च्या आसपास अँपिअर लिहिलेले असतात. गुणून पाहा.

मग लागतात किती? भाच्याच्या यादीत एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे कार्ड होतं, त्याला ११५ वॅट. एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, तो पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून पन्नास-साठ धरा. बेरीज अडीचशेच्या थोडी वर. तरीही कार्डाची कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, कारण कार्डाची भूक एकसारखी नसते. खेळात एखादा स्फोट झाला, दृश्य बदललं, की काही मिलिसेकंदांपुरती ती कितीतरी वर उसळते. शिवाय डबा सतत काठोकाठ चालवला तर तापतो आणि लवकर थकतो.

भाचा मात्र साडेआठशे वॅटवर अडून बसला होता. “मामू, पण बिल जास्त येईल का?” ही शंकाही होतीच. तसं होत नाही. संगणक मागेल तेवढीच वीज हा डबा ओढतो. पैसे मात्र उगाच अडकतात. पुढे मोठं कार्ड घ्यायचं पक्कं असेल तर गोष्ट वेगळी. आरटीएक्स ५०९० एकटंच ५७५ वॅट मागतं. आम्ही ५५० चा, चांगला घेतला आणि रंगीत दिव्यांचे पंखे यादीतून उडवले. साहेब तीन दिवस रुसले होते.

दुकानात ‘८० प्लस’ची चिठ्ठी दाखवतात. तिच्या सर्वांत साध्या पायरीचा अर्थ इतकाच, की २०, ५० आणि १०० टक्के भारावर, ओढलेल्या १०० वॅटपैकी निदान ८० संगणकाला पोचतात. उरलेले उष्णता होऊन जातात. ब्राँझ, गोल्ड या वरच्या पायऱ्या. पण ही चिठ्ठी बचतीची आहे, सुरक्षिततेची नव्हे. दाब वाढला, भार वाढला, तारा एकमेकींना चिकटल्या, तर स्वतःहून बंद पडण्याची सोय आत आहे का, हे खोक्यावर वेगळं वाचावं लागतं. ती नसलेला डबा एकटा मरत नाही. जाताजाता १२ व्होल्टच्या तारेवर भलताच दाब सोडतो, आणि दोन वर्षांची बचत त्याच्यासोबत जाते. वॉरंटी किती वर्षांची तेही पाहा. पाच, सात, दहा वर्षं लिहून देणारे एसएमपीएस मिळतात.

आता घराकडे वळू. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्याकडे फार. दोष बहुतेक वेळा एसएमपीएसचा नसतो. विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, आणि त्यांतून झिरपणारी किंचित वीज तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जावी अशी योजना असते. जुन्या चाळीत, भाड्याच्या खोलीत त्या तिसऱ्या भोकामागे कित्येकदा तारच नसते. मग ती वीज पत्र्यावर थांबून राहते, तुमच्या बोटाची वाट पाहत. इथं नवा डबा आणून उपयोग नाही, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या.

इन्व्हर्टर असेल तर त्यावरची यूपीएसची कळ चालू ठेवा. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस आपल्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. ती कळ बंद असली तर इन्व्हर्टरला जागं व्हायला त्याहून उशीर होऊ शकतो. हा साठा म्हणजे आतले मोठे कपॅसिटर. प्लग काढल्यावरही त्यांत काही काळ ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो, म्हणून डबा घरी उघडायचा नाही. आणि सुट्या तारांचा एसएमपीएस बदलला, तर जुन्या तारा नव्याला जोडू नका. खाच जुळते, तार आत बसतेही. पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम दर कंपनीचा वेगळा असू शकतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क त्याच क्षणी जळते.